जावयासमोर ताठ

जावई दोन दोस्त घेऊन आमच्या घराकडे निघाला आहे, हे आम्हाला तो पोचायच्या आधीच कळलं. बुटीबोरीला त्यांच्या खोलीशेजारी राहणाऱ्या बाईनं माझ्या लेकीला फोन केला. लेक मोरीवर भांडी घासत होती. साबणाचे हात तसेच, फोन खांद्यानं कानाशी दाबून ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "निघाले म्हनते, बाबा. गाडी करून." आणि पुन्हा भांडी घासायला बसली. मी पाहत होतो. ती एकच ताट घासत होती. घासून झालेलं ताट पुन्हा पुन्हा.

ती माझ्याकडे येऊन फार दिवस झाले नव्हते. आली तेव्हा उजव्या कानाखाली सगळं निळं होतं आणि तोंड पुरतं उघडत नव्हतं. वरणात पोळी कुस्करून बोटानं आत सारत होती. मी काही विचारलं नाही. माझ्या तोंडून असले प्रश्न निघत नाहीत, तिची माय असती तर तिनं विचारलं असतं. मग एका संध्याकाळी दिवा लावता लावता तिनंच सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मले वापस पाठवू नका. या खेपेले गेली तर मी येनार नाई, बाबा. कोनीतरी सांगायले येईन तुमाले."

मी म्हणालो, "नाई पाठवत."

बोललो ते बोललो. माझा शब्द मी फिरवत नाही. वस्तीत मला अडेल म्हणतात, मला माहीत आहे. म्हणोत. पण शब्द देणं वेगळं आणि दारात उभं राहून तो राखणं वेगळं. माझं वय सत्तरीच्या पुढं गेलेलं, डाव्या गुडघ्याला सूज, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आणि जावई कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर. बाकीच्यांवर देखरेख करतो म्हणे, पण पोती स्वतःही उचलतो. त्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे.

आमची वस्ती कोष्ट्यांची. मीही तरणेपणी मागावर बसलो. मागाचं काम संपलं तशी नागपुरातच सदरला कपड्याच्या एका मोठ्या दुकानात चौकीदारी धरली आणि म्हातारा होईपर्यंत तीच केली. मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मारामारी करायची नाही, नुसतं उभं राहायचं. पण असं उभं राहायचं, की समोरच्याला वाटलं पाहिजे, हा मारेल. ते मला जमलं. छाती काढायची नाही, छाती काढणारा माणूस भ्यालेला असतो. पाय थोडे फाकवून ठेवायचे. मान सैल. नजर डोळ्यांत नाही, कपाळावर. आवाज खाली, आणि घाई कशाचीच नाही. दारू पिऊन आलेले, चोरी करताना धरलेले, बायकोच्या मागे ओरडत आलेले, असे कितीतरी मी बोट न लावता रस्त्यावर नेऊन सोडले. न भिणारा दिसण्याचाच मी पगार घेतला म्हणा ना. आतून कसं होतं ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पण ते परके लोक होते. जावयासमोर कसं उभं राहायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

लग्नात मी या माणसाचे पाय धुतले आहेत. पितळी परातीत त्याचे पाय, तिची माय वरून पाण्याची धार धरून, आणि मी खाली वाकून दोन्ही हातांनी चोळतो आहे. ते पाणी आम्ही डोळ्यांना लावलं. तेव्हापासून तो वयानं लेकराएवढा असला तरी मी त्याला कधी अरे म्हटलं नाही. आमच्यात म्हणतच नाहीत. पाहुणे म्हणायचं. या जी, बसा जी. तो आला की तांब्या आधी, बोलणं नंतर. तो ताटावर बसल्याशिवाय सासऱ्यानं बसायचं नाही. आता त्याच माणसाला दारात अडवायचं, तर अंगातले सगळी जुनी वळणं आडवी येतात. हात आपोआप जोडायला उठतो.

मी कपडे बदलले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केस बसवले, मिशीला तेलाचं बोट फिरवलं. लेक म्हणाली, "लग्नाले चालले काय बाबा?" मी म्हणालो, "तू आतच राह्य. काई झालं तरी बाहेर येऊ नको." मग कोपऱ्यातली चौकीदारीची लाठी काढली आणि दारात उभा राहून पाहिलं. लाठी जमिनीवर टेकवली तर टकटक टकटक असा आवाज यायला लागला. मला आधी कळेना कशाचा. माझाच हात कापत होता आणि लाठीचं टोक फरशीवर वाजत होतं. लाठी मी परत कोपऱ्यात ठेवली. हात मागे बांधले, एका हातानं दुसरा मनगटाशी घट्ट धरला. असं उभं राहिलं की माणूस मोठा साहेब दिसतो, आणि हात कापले तरी समोरून दिसत नाहीत.

आमच्या दाराला ओटा आहे, ओट्याला पायऱ्या. ओट्यावर उभं राहिलं की गल्लीतल्या माणसापेक्षा मी हातभर उंच होतो. तेवढाच आधार.

समोरच्या घरातल्या वहिनी धान्य निवडत आपल्या दारात बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या आहेत, तोंडानं भारी. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय जी, कोनी पुढारी येऊन राहिला काय?"

"जावई येऊन राहिले."

वहिनींचे हात सुपात थांबले. लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं होतं. मग सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "येऊ द्या. मी अठीच बसली हावो."

आता मी काय ठरवलं होतं ते सांगतो. नागपुरात भांडण हातानं सुरू होत नाही, 'बे'नं होतं. दोस्तादोस्तांत 'काबे, कुठी होता बे' म्हणजे प्रेम. पण तोच बे चढ्या आवाजात आला की पुढचा म्हणतो, 'बे कोनाले म्हनते बे?' हा म्हणतो, 'तुले म्हनतो बे.' एवढं झालं की कॉलर धरायला काही बाकी राहत नाही. आणि जिथं 'जी' चालू असतो तिथं हात उचलायला माणसाला जागाच सापडत नाही. म्हणून मी ठरवलं, त्यानं काही म्हणो, आपण 'जी' सोडायचा नाही. शिवी दिली तरी जी. तो जोपर्यंत पाहुणा आहे तोपर्यंत त्याला पाहुण्यासारखंच वागावं लागेल. दुसरं हत्यार माझ्याकडे नव्हतं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, आत येत नाही. तिघं पायी आले. जावई मधे.

मी म्हणालो, "या जी पाहुणे. उन्हाचे आले. पानी घ्या."

"पानी-बिनी नको, मामाजी. तिले बाहेर पाठवा."

"बसा तर. तुमचे दोस्तबी बसतीन. चहा टाकायले सांगतो."

"चहा प्यायले नाई आलो आमी." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. वहिनी पाहत होत्या, त्यांच्या बाजूच्या खिडकीतून कोणी पाहत होतं. त्यानं आवाज थोडा खाली आणला. "मामाजी, नवरा-बायकोचं आहे. तुमी मधात पडू नका. मी न्यायले आलो, घेऊन जातो."

"तिची तब्येत बरी नाई जी. बरी झाली म्हंजे पाहू."

"काय झालं तिले?"

काय झालं तिले! ज्यानं केलं तोच विचारतो. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते गिळले. "तोंड सुजलं जी तिचं," मी म्हणालो. "जेवता येत नाई."

त्याचे डोळे क्षणभर खाली गेले. माझ्या मनानं घेतलं, जमतं आहे. तो एक पाऊलही पुढं आला नव्हता. त्याची मूठ वळत होती, सुटत होती, पण तिला कुठं जायचं ते कळत नव्हतं. समोर सासरा पांढरा शर्ट घालून जी जी करतो आहे, मारायचं कोणाला? तेवढ्यात वहिनी पलीकडून बोलल्या, "काय जी पाहुणे, बायकोले न्यायले फौज लागते काय तुमाले? आमच्या टायमाले तर एकटाच यायचा, साडी घेऊन."

खिडकीतलं कोणीतरी हसलं. ते हसणं व्हायला नको होतं. जावयाचं तोंड लाल झालं. त्याच्या डाव्या बाजूचा दोस्त, टिकल्याटिकल्यांचा शर्ट घातलेला, हिंदीत म्हणाला, "अरे यार, बुड्ढे को साइड कर ना. कितना टाइम लगा रहा." आणि त्यानं आमच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. चपलेसकट. मग दुसऱ्या पायरीवर.

आणि माझी चूक झाली. मी त्या पोराला म्हणालो, "काहून बे, पाय खाली घे."

जावयाला नाही म्हणालो मी. त्याला मी अजूनही पाहुणेच म्हणत होतो. पण बे हवेत गेला, आणि हवेत गेलेला बे कोणाचाही होतो. जावई जणू त्याचीच वाट पाहत होता.

"बे कोनाले म्हनता?"

"तुमाले नाई जी, पाहुणे."

"माह्या दोस्ताले बे म्हनता? माह्यासंग आलेल्या मानसाले?"

"जी, पाहुणे, मी..."

पुढं जी चाललाच नाही. तो पायऱ्या चढून आला, दोन्ही पंजे माझ्या छातीवर आले आणि त्यानं ढकललं. मारलं नाही. मारलं असतं तर बरं, माणूस मार धरायला तयार तरी असतो. हा नुसता धक्का होता, दार सारतात तसा. हात मागे बांधलेले, वेळेवर सुटले नाहीत. एक सुटला तो चौकटीला लागला आणि निसटला. अंग फिरलं आणि मी उंबरठ्यावर आडवा पडलो, उंबरठ्याच्याच लांबीनं. डोकं एका चौकटीला, पाय दुसरीकडं दुमडलेले. खुब्यातून काहीतरी निघालं आणि डोक्यापर्यंत पांढरं पांढरं झालं. ओरडलो नाही. ओरडायला श्वासच नव्हता.

उठायला गेलो. पाय आलाच नाही. पाय होता, दिसत होता, पण माझा नव्हता.

इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. बायको गेली तेव्हाही नाही. कारण एकच गोष्ट मला कळत होती. याला उठता येत नाही हे यांना कळलं, की दार उघडं झालं. उभा म्हातारा निदान एक म्हातारा असतो. पडलेला म्हातारा काय, पायपोस.

तर मी काय केलं? कोपर खाली घेतलं, तळव्यावर डोकं टेकलं, आणि दुपारी खाटेवर पडतात तसा पडून राहिलो. जसं काही मी स्वतःहूनच आडवा झालो. डोळ्यांतून पाणी येत होतं ते दुसऱ्या हातानं पुसलं, घाम पुसल्यासारखं. शर्टाच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी होती. ती काढली आणि घोटायला लागलो. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं पन्नीतल्या पन्नीत अंगठ्यानं रगडायचं असतं, त्यामुळे हात कापतो की घोटतो हे कोणाला ओळखता येत नाही. मी जावयाला म्हणालो, "न्यायचं आहे ना जी? न्या. मी अठून उठत नाई. मले ओलांडून जा."

टिकल्यांच्या शर्टाचा दोस्त म्हणाला, "ये क्या कर रहा ये?"

आमच्यात आडव्या माणसाला ओलांडत नाहीत. लेकरानं खेळता खेळता ओलांडलं तर त्याला धरून परत उलटं ओलांडायला लावतात. आणि सासऱ्याला, उंबरठ्यावर, भर दुपारी, गल्लीदेखत? जावयानं एक पाय उचलला. मी तो बुटाच्या तळापासून पाहिला. वहिनी उठून उभ्या झाल्या आणि असं ओरडल्या, की कोपऱ्यापर्यंतची दारं उघडली. "ओलांड! ओलांडून पाह्य त्याले! मुडद्यालेबी कोनी ओलांडत नाई रे, हा तर जिता हाये!"

पाय खाली गेला.

तेव्हा माझ्या मागून, म्हणजे घरातून, लेकीचा आवाज आला. "थांबा. मी येतो. बाबाले काई करू नका."

ती तयार होऊन आली होती. हातात पिशवी. ज्या पिशवीत चार कपडे घेऊन ती आली होती तीच. मी मान मागे वळवली. खालून मला तिची पावलं दिसली आणि वर, उजेडात, तिचं तोंड. निळं होतं ते आता पिवळं पडायला लागलं होतं.

"आत जाय," मी म्हणालो.

ती खाली वाकली. तिचं तोंड माझ्या कानाशी आलं. "बाबा, तुमचे हात कापून राहिले होते," ती म्हणाली. "पायबी. पोटऱ्या कश्या कापत होत्या. मले मागून सगळं दिसत होतं."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. चौकीदारीत माझ्या मागे नेहमी दुकानाची काच असायची, माणूस नसायचं. मी जगासमोर तोंड करून ताठ उभा होतो, आणि ज्या एका जिवासाठी उभा होतो तो माझ्या पाठीमागे उभा राहून माझी पाठ वाचत होता. माझा शब्द तिला सांगत होता, भिऊ नको. आणि माझ्या पोटऱ्या तिला सांगत होत्या, भी. म्हणून तिनं पिशवी भरली. मला वाचवायला ती मरायला चालली होती.

"मग तूबी ओलांड," मी म्हणालो. हळू नाही बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "बापाले ओलांडून जाय."

"बाबा, असं काहून करता?"

"जाय ना. नवऱ्यापाशी जाय. पाय उचल."

तिनं साडी घोट्याच्या वर धरली. पाय उचलला. मी डोळे मिटले नाहीत. तिच्या टाचेला साबणाचा फेस वाळून लागलेला होता. तो पाय माझ्या छातीवर हवेत थांबला, आणि मला वाटलं, आता गेली. आता ही गेली आणि मी इथं पडून खर्रा घोटत राहीन. माझ्या हातून पन्नी सुटली. मग तो पाय मागे गेला. ती तिथंच, माझ्या डोक्याशी, घरातल्या बाजूला खाली बसली आणि पिशवी छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागली. आल्यापासून ती रडली नव्हती.

गल्लीत आता माणसं जमली होती. कोणी फोन धरून उभं होतं. दुसरा दोस्त, जो इतका वेळ काही बोलला नव्हता, म्हणाला, "चल बे, पब्लिक जमून राहिली." जावई पायऱ्या उतरला. उतरता उतरता म्हणाला, "ठीक हाये. आता मोठे मानसं येतीन. बैठक होईन. मंग पाहू कशी ठेवता." मला मामाजी म्हणाला नाही.

मी म्हणालो, "सावकाश जा जी." तेवढं मात्र मी म्हणालो.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी तसाच पडून राहिलो, हातावर डोकं टेकून. लेक म्हणाली, "गेले. उठा आता." मी म्हणालो, "उठता येत नाई वं मले." तिला आधी वाटलं मी चेष्टा करतो आहे.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात रॉड टाकला. पोलीस विचारायला आले तेव्हा लेकीनं धडधड सगळं सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, जावयानं ढकललं हे वाक्य माझ्या तोंडून निघत नव्हतं. तिनं माझ्या वतीनंही सांगितलं. त्याला बोलावलं, दम दिला, सोडलं. बैठकीचा निरोप तरीही आलाच. आमच्या लोकांत घरातल्या भांडणाचा निवाडा मोठ्या माणसांच्या बैठकीतच होतो, आणि बैठकीत आजवर मी एकही लेक माहेरी राहिलेली पाहिली नाही. समजावतात, हात जोडायला लावतात, नवऱ्याला चार शब्द सुनावतात आणि पाठवून देतात.

मी घरी खाटेवर आलो. दिवसभर छताकडे पाहायचं. ढुंगण पुसायलाही लेक लागते, हे ज्याच्यावर आलं त्यालाच कळेल. मी दोनदा तिला रागावून हाकललं आणि दोन्ही वेळा पुन्हा हाक मारावी लागली. आणि बायका यायच्या भेटायला. आधी त्या यायच्या तेव्हा लेकीकडे तिरप्या डोळ्यांनी पाहायच्या, "कवा जाशीन वं?" म्हणायच्या. आता विचारत नव्हत्या. एक दिवस खाटेपासून चार हातांवर एकजण दुसरीला म्हणाली, "बापाचं करायले राह्यली बिचारी. अशी लेक पाह्यजे." दुसरीनं मान डोलावली.

मी छताकडे पाहत ते ऐकलं. नवऱ्याला सोडून आलेली लेक, तीच लेक, त्याच घरात. फक्त मी आडवा होतो.

काही दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता चालायचं, रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल तो कायमचा. लेकीनं वॉकर आणला. पहिल्या दिवशी मी भिंतीपर्यंत गेलो आणि घामानं निथळलो, पण गेलो. तेव्हाच वहिनींनी बाहेरून आवाज दिला, "काय जी, बरं वाटते काय?" आणि मी लेकीकडे पाहून मान हलवली, की दार लावून घे. तिनं लावलं. मग मी म्हणालो, "नाई हो वहिनी. हलताबी येत नाई."

लेकीनं दाराला कडीही घातली. तिला कळलं. तिला सगळं आधीच कळतं.

बैठकीची माणसं आली तेव्हा मी खाटेवर होतो. जावयाचा काका आणि लग्न जमवणारे एक गृहस्थ. जावई नव्हता. मी शर्ट घातला नव्हता, मळकी बंडी होती, दाढी वाढवलेली. तेल नाही, कंगवा नाही. लेकीनं मला उशांवर टेकवलं तेव्हा मी सगळं वजन तिच्यावर टाकलं, हातात जोर असून. काकांनी विचारलं, "कशी हाये जी तब्येत?"

आयुष्यभर मी या प्रश्नाला 'एकदम मस्त' म्हणालो आहे. ताप असला तरी. माझ्या बापानं मरायच्या दिवशीही तेच सांगितलं होतं.

"काई खरं नाई जी," मी म्हणालो. "कोनाचा तरी हात लागते सगळ्याले. पोरगी हाये म्हनून जगून राहिलो."

हे म्हणताना माझा आवाज फाटला. त्यांना वाटलं दुखण्यानं. ते दोघं एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्याच पोरानं ढकललेला म्हातारा, त्याची सेवा करणारी लेक, आणि तिला उठवून न्यायचं कसं? जमवणारे गृहस्थ चहा पिता पिता म्हणाले, "ठीक हाये, करू द्या सेवा. तुमी उठून बसले म्हंजे पाहू." काका म्हणाले, "हो. पयले बरे व्हा."

"हो जी," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. लेकीनं कप उचलले. मोरीतून तिचा आवाज आला, "कवापर्यंत करान बाबा हे?"

"तू शिवायले शिकून राहिली ना?" मी म्हणालो. ती सध्या जवळच एका बाईकडे मशीनवर ब्लाउज शिवायला जाते, मी झोपलेला असताना. "तुह्या पायावर तू उभी होतपर्यंत."

"आन तुमचा पाय?"

पाय आखडतो आहे, मला आतून कळतं. जितका चालायला पाहिजे तितका मी चालत नाही. सगळे दुपारी निजलेले असतात तेवढ्यात, दार लावून, खाटेपासून भिंतीपर्यंत आणि परत. वॉकरचं लोखंड फरशीवर वाजतं म्हणून लेकीनं त्याच्या पायांना चिंध्या बांधल्या आहेत. चोरासारखा मी माझ्याच घरात चालतो.

काल असाच मधोमध होतो तेव्हा बाहेर मोटरसायकल थांबली. आमच्याच दाराशी. लेक मोरीतून धावत आली, माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं. खाट लांब होती. पावलं पायऱ्या चढत होती, जड, पुरुषाची. मी वॉकर सोडला आणि तिच्या खांद्याच्या आधारानं होतो तिथंच खाली बसलो, मग आडवा झालो. तिनं वॉकर आतल्या दाराआड लपवला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. कडी वाजली.

"कन्हा ना, बाबा," ती माझ्या कानात म्हणाली.

मी तोंड उघडलं. आवाज येईना. कण्हणं मला कधी जमलंच नाही.

"जोरानं," ती म्हणाली, आणि माझ्या मोडलेल्या खुब्यावर तिनं हात दाबला.